सुकाणू मुलांच्या हाती : कोकणात शिडाच्या होडीचा वर्ग सुरू करताना

खाडीकाठी वाढलेल्या, पण होडीत कधी बसायलाही न मिळालेल्या मुलांची कोकणात कमी नाही. खलाशांची मुलं, आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या कुटुंबांची मुलं, कातकरी वाडीतली, बालगृहातली, आश्रमशाळेतली. शाळेत मागच्या बाकावर बसायची, कोणी काही विचारलं की मान खाली घालायची त्यांना सवय झालेली असते. त्यांना शिडाची होडी शिकवावी असं अनेक शिक्षकांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना वाटतं. पुढे परवानग्या, पैसा, जबाबदारी यांचा विचार आला की गाडी तिथेच अडते. मी असा वर्ग उभा राहताना पाहिलाय, चालवलाय. म्हणून काय, कुठल्या क्रमाने करायचं ते इथे मांडतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. मुलाला होडीतून फिरवून आणलं तर त्याची सहल होते, वर्ग होत नाही. आत्मविश्वास येतो तो होडीत मूल एकटं असतं, सुकाणू त्याच्या हातात असतं आणि कुठे वळायचं ते त्यालाच ठरवावं लागतं तेव्हा. पुढच्या सगळ्या पायऱ्या कशासाठी, तर मोठ्या माणसाला निर्धास्तपणे होडीतून उतरता यावं यासाठी.

हे जमणार का, अशी शंका असेल तर भोपाळकडे बघा. समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, तिथल्या मोठ्या तलावावर राष्ट्रीय सेलिंग स्कूल चालतं. तिथे शिकलेल्या नेहा ठाकूरने 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये आयएलसीए-4 या एकट्याने चालवायच्या होडीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवलं. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. हैदराबादचा यॉट क्लब हुसेनसागरात गरीब घरांतल्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवतोय. आपल्याकडे तर अख्खी किनारपट्टी आहे.

1. आधी माणसं, मग होडी

होडी विकत घेण्याची घाई करू नका. आधी तीन माणसं शोधा.

पहिला, प्रशिक्षित शिक्षक. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत सेलिंगचे आणि जीवरक्षकाचे कोर्स होतात. नौदलातून निवृत्त झालेली अनेक मंडळी कोकणात आपल्या गावी परतलेली असतात, त्यांच्यातही शीड चालवलेले भेटतात. रत्नागिरीत एनसीसीचं नेव्हल युनिट आहे, तिथेही चौकशी करा.

दुसरा, गावातला जुना तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा म्होरक्या. वाळूचा दांडा यंदा कुठे सरकला, कुठल्या खडपाशी पाणी भोवरा घेतं, कोणाची जाळी कुठे असतात, ही माहिती नकाशावर मिळत नाही. शिक्षकाला होडी माहीत असते, तांडेलाला खाडी. दोघांचं पटलं पाहिजे, म्हणून पहिल्या बैठकीपासून दोघांनाही सोबत बसवा.

तिसरी, एखादी बाई. शिक्षिका, आशाताई, बचतगटातली कोणीही, पण प्रत्येक वर्गाला किनाऱ्यावर हजर असणारी. ती नसेल तर मुली येणार नाहीत, आणि आल्या तरी टिकणार नाहीत. कपडे बदलायला आडोसा, पाळीचे दिवस, ओल्या कपड्यांत घरी जाण्याची अडचण, हे मुली सरांना सांगत नाहीत. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट चालतो, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून टाका. ऊनही त्यानेच अडतं.

मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. ओळखीचा माणूस असला तरी घ्या.

2. जागा निवडा : समुद्र नको, खाडी बघा

पुळणीवरून थेट समुद्रात होडी लोटायचा मोह होतो. नवशिक्यांसाठी ते चुकीचं आहे. फुटणाऱ्या लाटेत पस्तीस किलोची होडी मुलाच्या नडगीवर येते. खाडीच्या मुखापासून आत, जिथे पाणी रुंद आहे आणि एका बाजूला तरी मऊ वाळूचा काठ आहे, अशी जागा शोधा. ट्रॉलरच्या ये-जा करण्याच्या वाटेपासून आणि धक्क्यापासून ती दूर हवी.

ती जागा पूर्ण ओहोटीला एकदा चालून बघा. भरतीला सुंदर दिसणाऱ्या पाण्याखाली कालवांनी भरलेले दगड असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी लागते. जुने बूट किंवा कॅनव्हासचे शूज प्रत्येक मुलाच्या पायात हवेतच. चिखलवट पाण्यात पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, असते, त्यामुळे पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत चालायचं, हे आधी शिकवा. पाकटीचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवतात आणि दवाखाना गाठतात. गरम पाण्याचा थर्मास किनाऱ्यावर ठेवायचा तो याचसाठी.

कांदळवन तोडून वाट करू नका, तो गुन्हा आहे. होड्यांसाठी पक्की शेड बांधायचा विचारही सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या, नियमांमुळे बाजूला ठेवा. शाळेच्या आवारात किंवा कोणाच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, होड्या ठेवा आणि ट्रॉलीवरून आणा. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत काही करायचं असेल तर वनखात्याला आधी विचारावं लागतं.

3. परवानग्या आणि कागद

संस्था नोंदलेली नसेल तर नवी काढण्यात वर्ष घालवू नका. गावातल्या एखाद्या शिक्षणसंस्थेच्या किंवा नोंदणीकृत मंडळाच्या नावाखाली सुरुवात करा. लागणारे कागद असे :

- संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, ठराव, पॅन
- महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयाकडे अर्ज : होड्यांची माहिती, जागेचा नकाशा, बचाव होडी, शिक्षकांची प्रमाणपत्रं
- ग्रामपंचायतीचं पत्र, सागरी पोलीस ठाण्याला लेखी कळवल्याची पोच
- मच्छीमार सोसायटीचं पत्र (कायद्याने लागो न लागो, घ्याच)
- प्रत्येक मुलाचं : पालकांचं संमतीपत्र, जन्मतारखेचा पुरावा, शाळेचं पत्र, डॉक्टरांचा दाखला, रक्तगट, तातडीचा फोन नंबर
- मुलांचा आणि शिक्षकांचा अपघात विमा

विम्याची गोम ध्यानात ठेवा. बऱ्याच सामूहिक अपघात पॉलिसींमध्ये जलक्रीडा वगळलेल्या असतात. एजंट 'सगळं कव्हर आहे' म्हणतो. वगळलेल्या गोष्टींची यादी स्वतः वाचा आणि सेलिंग त्यात धरलंय असं लेखी घ्या.

बालगृहातली मुलं असतील तर अधीक्षकांचं तोंडी 'हो' पुरत नाही. बाल कल्याण समितीची लेखी परवानगी घ्या. त्या मुलांचे चेहरे आणि नावं समाजमाध्यमांवर टाकू नका. बाल न्याय अधिनियम 2015 नुसार त्यांची ओळख उघड करता येत नाही. देणगीदाराला फोटो हवा असेल तर पाठमोरा द्या.

सोसायटीच्या पत्राबद्दल थोडं जास्त बोलतो. चेअरमनला भेटायला जाताना कागद घेऊन जाऊ नका, तांडेलाला घेऊन जा. रापण (काठावरून ओढायचं मोठं जाळं) कुठे लागते, डोलीचे (प्रवाहात बांधायच्या जाळ्याचे) खुंट कुठे आहेत, कुठल्या वेळी होड्या आत येतात हे विचारून घ्या, आणि त्या वेळा आपण टाळू असा शब्द द्या. एकदा पटलं की हीच माणसं तुमची सर्वांत मोठी सुरक्षा असतात. वर्गातली होडी वाहवत चालली की पहिला फोन त्यांचाच येतो.

4. पालकांचं मन

संमतीपत्रावर अंगठा मिळणं सोपं असतं. त्याने समाधान मानू नका. दर्यात माणूस गमावलेलं घर प्रत्येक वाडीत असतं, आणि त्या घरातली आई कागदावर सही करून दुसऱ्या दिवशी मुलाला पाठवत नाही. घरी जा. लाइफ जॅकेट सोबत न्या, तिच्या हातात द्या. जमलं तर आयांना एकदा खाडीवर बोलवा आणि जॅकेट घालून कमरेभर पाण्यात उभं करा. अंग आपोआप उचललं जातंय हे कळलं की अर्धी भीती जाते.

नोकरी लागेल, परदेशात जाईल, असं काही बोलू नका. मूल पाण्यात स्वतःला सावरायला शिकेल, चार लोकांत बोलायला शिकेल, एवढंच सांगा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

5. सामान

आठ ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी ऑप्टिमिस्ट घ्या. पावणेआठ फूट लांबी, चौकोनी नाळ (होडीचं पुढचं टोक), एकच शीड, एका मुलाला पेलणारी. दिसायला खोक्यासारखी, पण नवशिक्यासाठी हिच्याइतकी समजूतदार होडी मी पाहिलेली नाही. त्याहून मोठ्या मुलांना लेझर, म्हणजे आताची आयएलसीए, किंवा दोघांची एंटरप्राइज. नव्या महाग पडतात. मुंबई, पुणे, गोवा, हैदराबादच्या क्लबांना आणि सैन्यदलांच्या सेलिंग केंद्रांना जुन्या होड्यांबद्दल पत्रं लिहा. चार ऑप्टिमिस्ट आणि बारा मुलं ही सुरुवात उत्तम. चौघं पाण्यात, चौघं किनाऱ्यावर दोर-गाठी करताना, चौघं होड्या धरायला.

सोबत काय हवं :

- 50 न्यूटनची (म्हणजे तेवढ्या बळाने अंग पाण्यावर उचलून धरणारी) बॉयन्सी जॅकेट, मुलांच्या मापाची, मांड्यांमधून पट्टा येणारी, प्रत्येकाला शिट्टी. मोठ्यांचं ढगळ जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं. पर्यटकांच्या फेरीबोटीतली नारिंगी जॅकेटं इथे चालत नाहीत.
- प्रत्येक ऑप्टिमिस्टला पाणी उपसायचं भांडं, दोरीने बांधलेलं, आणि तिन्ही हवेच्या पिशव्या पूर्ण फुगवलेल्या
- एक वल्हं, ओढून आणायला दहा-बारा मीटर दोर
- बचाव होडी : आउटबोर्ड इंजिनाची फायबर होडी, चालक, त्याच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी, आणि पाण्यात उडी मारू शकणारा दुसरा माणूस
- प्रथमोपचार पेटी, पाण्यात न भिजणारा फोन, धारदार सुरी
- पिण्याचं पाणी, टोप्या

फोनवर हे नंबर आधीच साठवून ठेवा : 112, रुग्णवाहिका 108, तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093, चाइल्डलाइन 1098.

पैशासाठी कंपन्यांकडे जात असाल तर अर्जात हे जरूर लिहा की सेलिंग ऑलिंपिक खेळ आहे. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चात, धरलेलं आहे. मात्र संस्थेची सीएसआर-1 नोंदणी लागते.

आणि खाण्याचे पैसे अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा. यातली बरीच मुलं सकाळी चहावर आलेली असतात. उपाशी मूल पाण्यात कुडकुडतं, चिडतं, लक्ष देत नाही, आणि आपण म्हणतो त्याला आवड नाही. आधी पेज, उसळ, नाचणीची भाकरी, जे गावात मिळेल ते. मग होडी.

6. वेळ ठरवा : वारा आणि पाणी

नवख्या संयोजकाची सगळ्यांत मोठी फसगत इथे होते, म्हणून सावकाश वाचा.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला, मार्च-एप्रिल चालतो. मे महिन्याच्या मध्यापासून होड्या पाण्याबाहेर. राज्यातली मासेमारीबंदी 1 जूनला सुरू होते, पण समुद्र त्याआधीच फिरलेला असतो.

सकाळी समुद्र आरशासारखा दिसतो आणि वाटतं मुलांना हीच वेळ बरी. पण सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. न वळवता येणारी होडी तो हळूहळू बाहेर नेतो, आणि काठावरून लाटाही दिसत नाहीत म्हणून कोणाला काही वाटत नाही. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो. मग वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, दुपारी तीन-चारपर्यंत चढतो. नवशिक्यांचा वर्ग अकरा ते एक. सात ते दहा नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्यात मुलं छान शिकतात. पाण्यावर पांढरे घोडे, म्हणजे लाटांवरचा पांढरा फेस, सगळीकडे दिसायला लागले की नवी मुलं बाहेर काढा. दुपारचा वारा जुन्या मुलांचा.

आता पाणी. आपल्याकडची जुनी रीत अशी की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मुंबई-अलिबागकडे हे बरंचसं जुळतं, रत्नागिरीपासून खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती याहून जरा आधी येते. वर्गाच्या दिवसासाठी छापील भरती-ओहोटीचं वेळापत्रकच वापरा, पण महिन्याचं नियोजन करताना ही रीत फार सोयीची आहे.

तिच्यावरून काय कळतं बघा. तृतीया ते षष्ठी, दोन्ही पंधरवड्यांत, अकरा ते एक या वेळेत पाणी भरत असतं. प्रवाह होड्यांना खाडीच्या आत नेतो, मुखाकडे नाही. हे तुमचे शिकवायचे दिवस. उलट नवमीनंतर त्रयोदशीपर्यंत त्याच वेळी बरेचदा ओहोटी चालू असते, त्या दिवशी नवी मुलं पाण्यात नकोत. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याचा जोर सर्वांत जास्त, अष्टमीच्या भांगाला सर्वांत कमी. भरतीच्या सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं, म्हणजे प्रवाहही तेव्हाच तेज. ओहोटीचं पाणी बाहेर जातंय आणि समोरून वारा आत येतोय अशा वेळी खाडीच्या मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. तिथे एकही होडी जाता कामा नये.

आदल्या रात्री हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा उंच लाटांचा इशारा बघा. तांडेल 'आज नको' म्हणाला तर नको. कारण विचारत बसू नका.

7. पहिले वर्ग

पहिले दोन वर्ग होडीशिवाय. जॅकेट घालून कमरेभर पाण्यात तरंगणं, पाठीवर पडून शिट्टी वाजवणं, एकमेकांना ओढत काठावर आणणं. कोळ्याच्या-गाबिताच्या मुलाला पोहता येतं असं धरून चालू नका, अनेकांना येत नाही आणि ते सांगायला लाजतात. प्रत्येकाची परीक्षा घ्या, सगळ्यांसमोर नाही.

मग वाळूवर. होडी पुळणीवर ठेवायची, शीड चढवायचं. एक मूल आत बसतं, दुसरं नाळ धरून होडी वळवतं. वाऱ्याच्या तोंडावर शीड फडफडतं, बाजूला वळलं की भरतं. हे हाताला कळेपर्यंत पाण्यात जायचं नाही.

त्यानंतर होडी मुद्दाम उलटवायची. छातीभर पाण्यात, शिक्षक शेजारी उभा. नियम एकच : होडी सोडायची नाही. फिरून सेंटरबोर्डपाशी (होडीच्या तळातून खाली जाणाऱ्या फळीपाशी) यायचं, त्यावर भार द्यायचा, होडी उभी करायची, आत चढून पाणी उपसायचं. प्रत्येक मुलाने हे हसत करेपर्यंत करा. आत्मविश्वासाची सुरुवात इथे होते. उलटलेली होडी आपण सरळ करू शकतो हे एकदा अंगात भिनलं की उलटण्याची भीती उरत नाही.

आणि मग तो दिवस. मूल एकटं निघतं, बचाव होडी वीस-तीस मीटरवर. थोड्या वेळाने हमखास काय होतं, तर वळताना होडी वाऱ्याच्या तोंडावर अडकते. शीड फडफडतं, सुकाणू हलवून काही होत नाही, मूल तुमच्याकडे बघतं आणि ओरडतं, "काका, होडी रवली!" तुमच्या तोंडात उत्तर तयार असतं. देऊ नका. ते त्याने वाळूवर शिकलेलं आहे : बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) पुढे ढकलायची, सुकाणूचा दांडा त्याच बाजूला ढकलायचा, होडी मागे सरकत वळली की दोन्ही ओढून घ्यायचं. एक मिनिट जातं, दोन जातात. ते इकडे तिकडे बघतं, मग शिडाकडे बघतं. हात बूमकडे जातो. शीड भरल्याचा आवाज येतो, होडी कलते, आणि मुलाची पाठ ताठ होते. ते तुमच्याकडे परत बघतही नाही, कारण आता त्याला पुढचं वळण घ्यायचंय. त्या दोन मिनिटांत मोठ्या माणसाने गप्प राहणं हेच या कामातलं सर्वांत अवघड कौशल्य आहे. स्वयंसेवकांना ते आधीपासून बजावून ठेवा. धोका असेल तरच जवळ जा, आणि मुलाशेजारी पोचताना इंजिन बंद, पंखा फिरता ठेवून कधीही नाही.

पाण्यातून आल्यावर प्रत्येकाला बोलू द्या : आज कुठे अडकलास, काय केलंस. वर्गात तोंड न उघडणारी मुलं इथे बोलतात, हातवारे करून वारा दाखवतात. मालवणीत बोलोत, कातकरीत बोलोत, भाषा सुधारायला जाऊ नका.

8. गळती

शिमग्याला आणि आंब्याच्या हंगामात हजेरी घसरते. मोठी मुलं बागेत जातात, मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात. 'मुलांना रस उरला नाही' असा निष्कर्ष काढून त्यांची नावं कापू नका. वेळ बदला, आठवड्याला एकच वर्ग ठेवा. धाकट्या भावंडाला घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवू नका, त्या बाळाला किनाऱ्यावर कोणीतरी सांभाळा.

दुसऱ्या वर्षी जुन्या मुलांना नव्यांचे शिक्षक करा. होडीची जबाबदारी नावाने द्या : ही तुझी, गोड्या पाण्याने धुणं, दोर तपासणं, पिशव्यांतली हवा बघणं तुझं.

9. पुढची वाट आणि पावसाळा

पंधरा-सोळाच्या मुलांना पुढचं काय ते नीट दाखवा. एनसीसीची नेव्हल शाखा, यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाच्या स्पर्धा, तारकर्लीचं एमटीडीसीचं जलक्रीडा केंद्र, गोव्यातले जीवरक्षकाचे कोर्स, नौदल.

मर्चंट नेव्हीचं नाव काढलं की गावात एजंट उगवतात. दहावी झालेल्या मुलाला 'थेट जहाजावर' म्हणून लाखो रुपये मागतात आणि बनावट कागद देतात. पैसे देण्याआधी प्रशिक्षण संस्था आणि भरती करणारी कंपनी, दोन्ही नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहेत का ते पालकांसोबत बसून तपासा. नोकरीसाठी पैसे मागणारी कंपनी असेल तर तिथेच उठा.

मे संपताना शिडं गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, गुंडाळून उंदीर पोचणार नाही अशी टांगा. होड्या पालथ्या ठेवून बांधा. पावसाळ्यात गाठी, वाऱ्याचे नकाशे, भरतीची गणितं आणि प्रथमोपचार चालू ठेवा, नाहीतर सप्टेंबरनंतर अर्धी मुलं परत येत नाहीत. एनसीसीसाठी नावं शाळा-कॉलेज सुरू झाल्यावर घेतली जातात, म्हणून त्या मुलांचे दाखले, आधार आणि बँक खातं जूनच्या पहिल्या आठवड्यातच तयार करून ठेवा.